बोलण्याआधीचा श्वास

१

सव्वीस वर्षं मी एकच काम केलं. लोकांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही, ते कागदावर उतरवायचं. सकाळी पावणेनऊला इस्पितळातल्या आमच्या विभागाचं कुलूप काढायचं, मशीन सुरू करायचं, हेडफोनच्या गाद्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या आणि पहिला पेशंट यायच्या आत ते हेडफोन स्वतःच्याच कानाला लावून दोन-चार सूर वाजवून बघायचे. कुठे वायर सुटलेली असली तर धडधाकट माणसाला बहिरा ठरवून घरी पाठवायची वेळ यायची.

आमचा बूथ म्हणजे खोलीतली खोली. भिंतींना बारीक भोकांचा करडा पत्रा, त्यामागे आवाज गिळणारं जाड अस्तर. दार वीतभर जाडीचं, खटका ओढून लावायचं. आत एक खुर्ची, एक माईक, खुंटीला टांगलेले हेडफोन आणि लांब वायरीला लोंबणारं एक बटण. बाहेर माझं टेबल. मधे दुहेरी काचेची खिडकी. मी सूर सोडायचा, पेशंटला तो ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, बटण दाबलं की माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागायचा. आतलं माणूस काही बोललं तर माईकमधून ते माझ्या हेडफोनमध्ये यायचं. झालं, एवढंच काम.

त्या खोलीत सुरुवातीला वाटतं, काय शांत आहे! मिनिटभराने स्वतःचंच अंग वाजायला लागतं. नाडी, आतडी, गिळलेला आवंढा. घाबरू नका, ते तुमचंच आहे, असं मी प्रत्येकाला सांगायचे. पाठच झालं होतं ते.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. सकाळची ती तपासणी मी दार उघडं ठेवून करायचे. सव्वीस वर्षांत दार लावून एकटी आत कधी बसले नव्हते. म्हणजे, पहिला महिना सोडला तर.

२

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला सगळे टिटवी म्हणायचे, आणि का म्हणतात ते कळायला तिच्यासोबत पाच मिनिटं पुरायची. जेवताना बोलायची, दात घासताना तोंडात फेस घेऊन बोलायची, परीक्षेला बसल्यावर पेपरशीही बोलायची म्हणून एकदा तिला वर्गाबाहेर काढलं होतं.

त्या वर्षी शाळेने सगळ्यांना एकेक वही दिली. पुढे काय व्हायचं ते ठरवण्याआधी एखाद्याच्या कामाच्या जागी पाच दिवस सावलीसारखं मागे मागे राहायचं, बघायचं, विचारायचं आणि वहीत लिहायचं. टिटवीने आपली जागा केव्हाच ठरवली होती. त्यांच्या रस्त्याच्या टोकाला एक जनावरांचे डॉक्टर होते. ती स्वतः जाऊन त्यांना विचारून आली होती आणि ते होही म्हणाले होते.

मोडता घातला तो मी.

"जनावरांचं काय बघायचंय तिला? माझ्याकडे पाठव," मी बहिणीला म्हटलं.

"अगं ताई, पोरीने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने काहीतरी ठरवलंय."

"ठरवू दे की. पण मला मूलबाळ नाही. घरातल्या कुणीतरी माझं काम एकदा तरी बघावं, एवढंही मला वाटू नये का?"

हे वाक्य मी का वापरलं ते मला माहीत होतं. त्याच्यापुढे बहिणीचं कधीच काही चालत नसे. टिटवी दोन दिवस फुरंगटून बसली आणि मग आपली अट घालून तयार झाली.

"येते मी मावशी, पण मला सगळं दाखवायचं हं. नुसतं स्टुलावर बसवून ठेवायचं नाही."

"सगळं दाखवीन," मी म्हटलं.

३

सोमवारी ती आली आणि पहिल्या तासाभरातच विभाग तिचा झाला. झाडणाऱ्या बाईंशी गप्पा, रांगेतल्या म्हाताऱ्यांशी गप्पा. एका पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला तर तिने हातोडा कोणत्या हातात धरता, मग त्याच बाजूचा कान जास्त गेला का, असं काहीबाही विचारलं. तो खूश झाला. मीही झाले. हे मी पेशंटला कधी विचारलं नव्हतं.

दुपारी गर्दी सरल्यावर तिला बूथमध्ये बसवलं. दार लावलं. "आधी उजवा कान," मी माझ्या टेबलावरच्या माईकवरून सांगितलं. तिने काचेपलीकडून अंगठा दाखवला.

असे कान मी फार थोड्या माणसांचे पाहिले. मशीन ज्याच्या खाली जात नाही तिथपर्यंत मी सूर बारीक करत गेले आणि प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागत गेला. चाचणी संपली. मी मशीनवरचा हात काढला, आलेखाचा कागद घेण्यासाठी वळले आणि सही करायला पेन शोधत होते, तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यात हिरवं काहीतरी दिसलं.

दिवा लागला होता. मी बघेपर्यंत विझला.

याला आम्ही खोटा होकार म्हणायचो. नसलेला सूर ऐकू आल्यासारखा वाटतो आणि माणूस बटण दाबतो. दिवसातून दहादा होतं. हुशार मुलांचं तर जास्तच होतं, त्यांना चुकायचं नसतं. मी दार उघडलं आणि म्हटलं, "वटवाघळाचे कान आहेत तुझे. फक्त शेवटी एक जास्तीचं दाबलंस."

"जास्तीचं नाही," ती म्हणाली. "वाजलं की. फक्त तो सूर नव्हता."

पुढे विचारायला हवं होतं. पण शिपाई फायली घेऊन आला, आणि ती त्याच्याशी बोलण्यात गुंतली.

४

मंगळवारी एक नवरा-बायको आले. बाईंचं म्हणणं, यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तपासणी केली तर त्यांचे कान ठणठणीत निघाले. आलेख बघून बाई एकदम गप्प झाल्या आणि नवरा छताकडे बघत बसला. ते गेल्यावर टिटवी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं, कारण माझ्या हिशेबी ते शेवटचं.

मी कॉफी घेऊन रिपोर्ट लिहायला बसले. ती म्हणाली, "मी आत बसू? हेडफोन नाही लावत. नुसती शांतता बघते." मी मान हलवली. वर बघितलंही नाही. खटका लागल्याचा आवाज आला.

पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आली ती येऊन सरळ स्टुलावर बसली. बोलली नाही. टिटवी गप्प आहे हे लक्षात यायलाच मला वेळ लागला.

"काय गं?"

"मावशी, आत अजून कोण असतं?"

"कोण असणार? एका खुर्चीची जागा."

"मग श्वास कोण घेतं?"

माझं पेन थांबलं. मी नेहमीचं सगळं सांगितलं. नाडी वाजते, फुप्फुसं वाजतात, कानातलं रक्तसुद्धा वाजतं, ते तुझंच आहे. तिने ते नीट ऐकून घेतलं.

"तेही ऐकलं मी," ती म्हणाली. "ते वेगळं. मी नाक दाबून बसले होते, मुद्दाम. हा श्वास कसा होता सांगू? कुणी काहीतरी बोलणार असतं ना, त्याआधी आत ओढतं तसा. शब्द नाही. शब्दाआधीचं तेवढंच. मग काहीच नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा तसाच. काल लांब होता. आज इथे होता."

तिने आपल्या उजव्या कानाशी तळहात धरून दाखवला.

५

नोकरीला लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या पहिल्या महिन्यात एका रिकाम्या दुपारी, ऊन फार म्हणून, मी बूथमध्ये जाऊन बसले. आत गार असायचं. दार ओढून घेतलं, डोळे मिटले. आणि माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधीचा.

मी दार ढकलून बाहेर आले. मोठ्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. म्हणाल्या, "आत रिकामं बसायचं नाही. काम असलं तर जायचं. काम झालं की दार उघडायचं." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी स्वतःला समजावत आले. उकाडा होता. नवी होते. तापही असेल अंगात. शिकलेलं माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवून देऊ शकतं. पण दर सकाळी मी दार उघडं ठेवत होते, आणि तेवढ्यावरूनच कळत होतं की पटलेलं नाही.

आता टिटवीने शब्दन् शब्द तेच सांगितलं होतं. मी तिला काहीच सांगितलेलं नसताना.

मला काय वाटलं ते खरं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं सांगण्यात काही अर्थ नाही. भीती वाटलीच. पण तिच्याआधी वाटला तो आनंद. म्हणजे मी वेडी नव्हते! सव्वीस वर्षांनी कुणीतरी साक्षीला आलं होतं. आणि ते माणूस माझ्या मांडीवर खेळलेलं होतं.

बुधवारी मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करू शकले असते. राहिलेले तीन दिवस तिला तिकडे पाठवते म्हणाले असते, तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. नंबर वहीच्या पहिल्याच पानावर होता, खोडलेला, पण वाचता येत होता. बुधवारी पेशंट फार होते. टिटवी दिवसभर माझ्या शेजारी बसून होती आणि सारखी त्या काचेकडे बघत होती. निघताना म्हणाली, "मला नको वाटतं मावशी ते. पण काय म्हणायचंय त्याला, ते कळायला नको?"

"उद्या नीट तपासून बघू," मी म्हटलं.

६

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला. बाहेरच्या बोळात ऊन पडलं होतं, कुठेतरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरत होती. मी टिटवीला खुर्चीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं.

"दहा मिनिटं," मी सांगितलं. "मी एकही सूर सोडणार नाही. तुला काही ऐकू आलं तर दाब. मी इथेच आहे, काचेपलीकडे. माझे हेडफोन चालू आहेत. तुला ऐकू येईल ते मलाही येईल."

"नक्की ना?"

"नक्की."

दार लावलं. बाहेर येऊन हेडफोन चढवले आणि घड्याळ समोर ठेवलं. मशीनला मी हातही लावला नाही.

पहिला दिवा चौथ्या मिनिटाला लागला. मला काही ऐकू आलं नाही. मग पाच मिनिटं होताना. मग लगेच. दोन दिव्यांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. टिटवी माझ्याकडे बघत होती. तिने मोकळा हात उचलून तोंडावर ठेवला आणि नाक चिमटीत धरलं. मी नाही, असं तिला दाखवायचं होतं.

आणि माझ्या दोन्ही कानांत कुणीतरी श्वास घेतला.

तोच. सव्वीस वर्षांत यत्किंचितही बदललेला नव्हता. पण या वेळी तो लांबत गेला, छाती भरेपर्यंत, फार दिवस आपली पाळी येण्याची वाट बघत थांबलेल्या माणसासारखा. मला कळलं, या वेळी हा श्वास सुटून जाणार नाही. याच्यामागून शब्द येणार.

मी हेडफोन काढले.

ओरबाडून काढले आणि टेबलावर पालथे घातले. त्या गादीतून चिलटाएवढा बारीक आवाज येत राहिला. मी दोन्ही कानांवर हात दाबले.

काचेपलीकडे टिटवी मला बघत होती. तिने मी काय केलं ते पाहिलं. मग तिने नाक सोडलं, मान उजवीकडे वळवली आणि किंचित वर केली, बसलेलं माणूस उभ्या माणसाकडे बघतं तशी. थोडा वेळ ऐकलं. तिचे ओठ हलले. एकच शब्द. मला तो वाचता आला. तिने "हो" म्हटलं.

मी धावले. खटक्यावर हात ठेवला. खटका अडकला नव्हता, दार जड झालं नव्हतं. कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसती हात ठेवून उभी राहिले. मशीनवरचा हिरवा दिवा आता विझत नव्हता, आणि तो विझेपर्यंत आत जायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तो जळत असतानाच मी दार ओढलं.

टिटवी खुर्चीत ताठ बसली होती. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. बटणाची वायर तिच्या खांद्यामागून उजव्या कोपऱ्याकडे गेली होती, हवेत, ताणलेली. मी बघत असतानाच ती सैल झाली आणि बटण जमिनीवर पडलं.

"चल," मी म्हटलं. "टिटवे, चल बाहेर."

ती शहाण्या मुलीसारखी उठून आली.

७

काय म्हणालं, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. शुक्रवारी ती वेळेवर आली, स्टुलावर बसली, वही पूर्ण केली. सगळी उत्तरं सुवाच्य अक्षरात, नेमकी. शाळेत त्या वहीचं फार कौतुक झालं.

महिनाभराने बहिणीचा फोन आला. "ताई, काय जादू केलीस गं? पोरगी किती शांत झालीय. अभ्यासाला बसली की उठत नाही. तुझ्याकडेच पाठवायला हवी होती, माझंच चुकत होतं."

मी फोन धरून उभी होते. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

पुढे फोनचा सूर बदलत गेला. हाक मारली तर बघत नाही. मैत्रिणी येऊन कंटाळून जातात. खांद्याला हात लावला तरच कळतं तिला. बहीण तिला माझ्याकडे तपासायला घेऊन आली. मी तिला बूथमध्ये बसवलं, दार उघडं ठेवून. प्रत्येक सूर तिने टिपला. आलेख सोमवारसारखाच होता, रेघभरही खाली नाही. मोठ्या डॉक्टरांनी तो बघितला, डोक्याचे फोटो काढायला सांगितले, तेही चांगले आले. "लक्ष नसतं तिचं," डॉक्टर म्हणाले. "वय आहे."

त्याच वर्षी मी नोकरी सोडली. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी मोठ्या बाईंचे शब्द सांगणार होते. सांगितले नाहीत. निरोपाच्या दिवशी सगळे गेल्यावर मी बूथमध्ये गेले, दार लावलं आणि अर्धा तास बसले. नाडी वाजत होती. आतडी वाजत होती. बाकी काही नव्हतं. ती खोली रिकामी झाली होती.

८

त्या दिवसाबद्दल मी तिला विचारलं ते दोन वर्षांनी. टिटवी अठराची झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांकडे ती कधी गेली नाही, कुठेच गेली नाही. शाळा कशीबशी संपवली होती. बहीण दुकानात गेली होती, आम्ही दोघी मागच्या गॅलरीत बसलो होतो. खाली पोरं चेंडू खेळत होती. तिने नखं कुरतडून रक्त काढलं होतं. मी तिचा हात हातात घेतला, तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्या दिवशी काय म्हणालं ते?" मी मोठ्याने विचारलं.

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मग अगदी पूर्वीसारखं, पण हळू, म्हणाली, "तुझं नाव घेतलं त्याने. विचारलं, तूच का ती."

मी तिचा हात घट्ट धरला.

"मी काचेतून तुझ्याकडे बघितलं. तू कान दाबून उभी होतीस. तुझं तोंड कसं झालं होतं मावशी, लहान मुलीसारखं." ती थोडी हसली. "मग मीच हो म्हटलं."

खाली कुणीतरी आरडाओरडा केला, चेंडू कुणाच्या तरी अंगणात गेला होता. तिने ते ऐकलं नाही.

"अजून बोलतं?"

"हं."

"तसंच? आधी श्वास घेऊन?"

"नाही. आता श्वास नाही घेत," ती म्हणाली. "मधे थांबतच नाही ना."

"मला दे," मी म्हटलं. तिचे दोन्ही खांदे धरले. "सांग त्याला. मी आहे म्हणून सांग. मी तीच. मी येते, त्या खोलीत येते, तू म्हणशील तिथे येते."

तिने काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, मग हात वर करून मला थांबवलं, फोनवर बोलणारं माणूस समोरच्याला थांबवतं तसं. तिची मान उजवीकडे वळली आणि किंचित वर झाली.

मी उठून तिच्या डाव्या बाजूला गेले. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि दोन वर्षं जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. माझी चूक, माझा हट्ट, ते हेडफोन, खटक्यावर ठेवून दिलेला हात. मी बोलत होते तोवर टिटवी मान डोलावत होती. मधूनच "हो" म्हणत होती.

माझ्या बोलण्याला नव्हे.